गड चढणाऱ्याचा डबा आणि आठवडाभराचं ताट

शनिवारी रात्री सॅक भरताना बूट, टॉर्च, रेनकोट, पॉवरबँक सगळं आठवणीनं आत जातं. खाण्याचं मात्र ‘स्टेशनवर बघू’ असतं. मग पहाटेच्या लोकलमध्ये चहा-बिस्कीट, उतरल्यावर गरमागरम वडापाव, आणि चढ सुरू होऊन दीड तास झाला की पाय जड, डोकं हलकं, उगाच चिडचिड. बरोबरचे म्हणतात, ‘याला स्टॅमिना नाही.’ बऱ्याचदा स्टॅमिना असतो, पण त्या वेळी रक्तात जी साखर आणि जे मीठ हवं होतं ते नसतं.

सह्याद्रीत जाणाऱ्या मुंबईकराची अडचण दुहेरी आहे. पाच-सहा दिवस खुर्ची आणि लोकल, मग एकाच सकाळी सहाशे-सातशे मीटरची चढाई. शिवाय पौष्टिक खाण्याचे नियम आपण सरसकट एकच धरतो: साखर कमी, मीठ कमी, भात कमी, सॅलड भरपूर. सोमवार ते शुक्रवार हे ठीकच आहे. चढावर हेच नियम पाळले तर माणूस वाटेत बसतो. रविवारी सकाळी गूळ, केळं आणि मिठाचं सरबत हेच पौष्टिक. सोमवारी खुर्चीत बसून तेच घेतलं तर ते जास्तीचं. हा फरक का पडतो ते कळलं, की डबा कसा भरायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

शरीर चढतं कशावर

६५ किलो वजनाचा माणूस पाच किलोची सॅक घेऊन चढत असेल, तर तासाला साधारण ४०० ते ५०० किलोकॅलरी खर्च होतात. उतरताना २५० ते ३००. तीन तास चढ आणि दोन तास उतार धरला तर दीड-दोन हजार किलोकॅलरीचा हिशोब झाला. एवढी ऊर्जा दोन साठ्यांतून येते. एक चरबी, जी सडपातळ माणसाकडेही कित्येक दिवस पुरेल इतकी असते. दुसरा ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा: स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम.

चरबी हळूहळू जळते. सपाटीवर, गप्पा मारत चालताना तिचा वाटा मोठा असतो. चढ उभा झाला, धाप लागली, की शरीर ग्लायकोजेनकडे वळतं, कारण त्यातून ऊर्जा झटपट मिळते. म्हणून पहिली २०-३० मिनिटं मुद्दाम सावकाश चालावं. वेग किती, हे ओळखायची सोपी खूण आहे: सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत. एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे, आणि साखरेचा साठा वेळेआधी रिकामा होतोय. गटातला सर्वात दमदार माणूस पुढे राहिला की हेच होतं. बाकीचे त्याच्या चालीनं पहिल्याच टेपाडावर साठा उधळून बसतात.

यकृतातल्या साठ्याची गोष्ट निराळी. स्नायूंतला ग्लायकोजेन त्याच स्नायूला मिळतो. रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताचं. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि झोपेतही हा खर्च थांबत नाही. म्हणजे पहाटे चारला उठता तेव्हा यकृताचा साठा आधीच उतरलेला असतो. उपाशीपोटी चढायला लागलं की डोकं हलकं होणं, घाम फुटणं, हात थरथरणं, दगडावर पाय नीट न पडणं हे सगळं त्यातूनच येतं. पाय अजून चालू शकतात, पण डोकं साथ सोडतं.

आदली रात्र आणि पहाट

आदल्या रात्री वरण-भात, तूप, एखादी भाजी. पोट भरेल एवढंच. नेहमीच्या जेवणात भाताचा एक वाढा जास्त, इतकाच फरक करावा. राजमा, छोले, कोबी, तळलेलं, फार तिखट हे त्या रात्री नको. बाधतंच असं नाही, पण पहाटे घाईत पोट साफ झालं नाही तर दिवसभर त्रास होतो आणि जंगलात सोय नसते. मद्य नकोच. झोप बिघडते, लघवीवाटे पाणी जातं आणि यकृताचं साखर सोडण्याचं कामही मंदावतं.

न्याहारीचं गणित चढ सुरू व्हायला किती वेळ आहे त्यावर ठरवावं. दोन-तीन तास असतील तर वाटीभर पोहे, उपमा किंवा तूप-गुळाच्या दोन पोळ्या. तासभरच असेल तर दोन केळी किंवा चार-पाच खजूर आणि पाणी. एका तासात पचेल अशी मात्रा म्हणजे वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदकं. ६५ किलोला ६५ ग्रॅम. रात्रभर ताकात भिजवलेल्या नाचणीच्या पिठाची आंबीलही छान. पातळ असते, लवकर पोटातून पुढे सरकते आणि तिच्यात मीठही असतं.

आता वडापाव. कर्जतला उतरून वडा न खाणं जिवावर येतं हे मान्य, पण तो परतताना खावा. तेलकट पदार्थ जठरात बराच वेळ थांबतो. चढताना रक्त पायांकडे धावतं, पोटाकडे कमी राहतं, आणि तो वडा दोन-तीन तास तसाच बसून राहतो. मळमळ, आंबट ढेकर, पोटात टोचणं, बऱ्याचदा याचं मूळ इथे असतं. ओट्स, मोड आलेली कच्ची कडधान्यं, काकडी-गाजराचं सॅलड यांचीही त्या सकाळी तीच गत. तंतुमय पदार्थ एरवी हवेतच, पण चढाच्या आधी ते पोट फुगवतात. कच्च्या मोडांवर पावसाळ्यात जंतूही पटकन वाढतात.

डब्यात काय, आणि खिशात काय

लांबच्या चढाईत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. आपल्यासारख्या हौशी चालणाऱ्याला ३० ते ४० पुरतात. उदाहरणादाखल माहुली घेऊ. कसारा लोकलनं आसनगाव, तिथून रिक्षानं माहुली गाव, मग जंगलातून ८५८ मीटर उंचीच्या गडाचा चढ आणि शेवटी शिडी. थांबे वगळून पाचेक तासांची चाल धरली तर १५० ते २०० ग्रॅम लागतील. घरच्या वस्तूंत हे असं बसतं: सहा खजूर (३६ ग्रॅम), दोन वेलची केळी (३०), राजगिऱ्याचे दोन लाडू (३०), गुळाचे दोन पोळी-रोल (६०) आणि लिटरभर लिंबू सरबत (३५). एकूण १९० ग्रॅमच्या आसपास. याला महागडं बार किंवा जेल लागत नाही. घेतलंच तर मागचा मजकूर वाचा. बऱ्याच ‘प्रोटीन बार’मध्ये कर्बोदकं कमी, तंतू जास्त आणि गोडव्यासाठी माल्टिटॉल असतं. ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. चढावर गॅस आणि जुलाब होऊ शकतात.

पोळी-रोल हा या डब्यातला सर्वात भरवशाचा पदार्थ, म्हणून तो जरा नीट करू. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवा, वाटीभर कणकेला चमचाभर तेलाचं मोहन घाला. ही दशमी पाण्याच्या पोळीपेक्षा मऊ राहते. एका पोळीत दोन चहाचे चमचे किसलेला गूळ, अर्धा चमचा तूप, थोडे भाजलेले तीळ आणि चिमूटभर मीठ. गुंडाळून मधोमध कापा. अर्धा तुकडा म्हणजे साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, एका थांब्याचा घास. पण गुंडाळायच्या आधी पोळ्या सुती कापडावर २०-२५ मिनिटं पूर्ण गार होऊ द्या. इथेच हमखास घाई होते. तव्यावरची पोळी तशीच फॉइलमध्ये गुंडाळली की वाफ आत अडकते, पोळी ओली होते, आणि मुंबईच्या दमट हवेत अशा ओल्या पोळीला दुपारपर्यंत वास मारू लागतो. गार झालेल्या पोळ्या आधी कापडात, मग डब्यात.

गोड खाऊन कंटाळा येतो, तिसऱ्या तासाला तर नक्कीच. तेव्हा तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, ठेचा लावलेली भाकरी, सुकी लसणाची चटणी, लिंबाच्या लोणच्याची फोड हवी. जिभेला बरं वाटतं आणि मीठही पोटात जातं. शेंगदाण्याची चिक्की, चिवडा, सुकामेवा यांत स्निग्धांश बराच. ते माथ्यावरच्या मोठ्या थांब्यासाठी ठेवावेत. उभ्या चढावर धाप लागलेली असताना कोरडा चिवडा घशाखाली उतरत नाही आणि ठसका लागतो.

काय नेऊ नये हे तितकंच महत्त्वाचं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, आणि पाठीवरची सॅक नेमकी त्याच तापमानात असते. ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची ओलसर भाजी, पनीर, मेयोनीजचं सँडविच, सोललेली उकडलेली अंडी हे सकाळी केलेलं दुपारी धोक्याचं. भाताकडे विशेष लक्ष द्या. त्यात बॅसिलस सेरेयस नावाचा जंतू वाढतो. त्याचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम केल्यानंही नष्ट होत नाही. रात्री शिजवून बाहेर ठेवलेला भात सकाळी फोडणी देऊन नेला तरी धोका तसाच राहतो.

डबा कितीही चांगला असो, तो सॅकच्या तळाशी असेल तर खाल्ला जात नाही. सगळे थांबतील तेव्हा बघू, म्हणत दोन तास निघून जातात. म्हणून निम्मा खाऊ कमरेच्या पाऊचमध्ये किंवा पँटच्या खिशात ठेवा. घड्याळात दर ४० मिनिटांचा गजर लावा आणि भूक लागली नसली तरी दोन घास खा. चढताना भूक मरते. तिची वाट पाहिली तर उशीर होतो. उतरतानाही खाणं चालू ठेवा. ‘आता काय, उतरायचंच तर आहे’ म्हणून लोक खाणं-पिणं थांबवतात आणि घसाऱ्यावर, ओल्या शेवाळावर थकलेला पाय नेमका तेव्हाच चुकतो.

माकडांचा एक नियम: पिशवी हातात दिसली की ती गेली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असो की माथेरान, खाऊ सॅकच्या आत, चेन लावून. आणि त्यांना स्वतःहून काही देऊ नका. माणसाच्या हातून खायची सवय लागलेलं माकडच पुढच्याच्या अंगावर येतं.

पाणी, मीठ आणि साखर

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चालण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम कातडीवरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी जातं, मीठ जातं, अंग मात्र थंड होत नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात पनवेल-कर्जतकडचे डोंगर उंचीनं कमी असूनही माणसाला झोपवतात ते यामुळे. या दिवसांत चढ उजाडायच्या सुमारास सुरू करून दहा-अकराच्या आत उतरायला लागावं.

पावसाळ्यातला घात वेगळाच आहे. अंगावर पाणी पडतंय, हवा गार, म्हणून तहान लागत नाही. पण प्लास्टिकच्या रेनकोटात आतून घामाच्या धारा लागलेल्या असतात. भर पावसात पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा ‘पाणी कमी पडलं असेल’ हे कुणाच्या मनातही येत नाही.

किती घाम जातो हे माणसागणिक बदलतं. तासाला अर्धा लिटर ते लिटरभर सहज, कडक उन्हात त्याहून जास्त. स्वतःचा आकडा काढणं सोपं आहे. घरी वजन करा, तासभर जिने चढा-उतरा किंवा भरभर चाला, अंग पुसून कोरड्या कपड्यांत पुन्हा वजन करा. मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. एक किलोचा फरक म्हणजे लिटरभर घाम. पाच तासांच्या चालीला साधारण तीन लिटर पाणी बरोबर असावं. तासाला सहाशे मिलिलिटरच्या आसपास, पण एका दमात नाही, दर १५-२० मिनिटांनी पाच-सहा घोट.

घामाच्या प्रत्येक लिटरबरोबर अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं. टोपीवर, टी-शर्टच्या पाठीवर पांढरे वण उमटत असतील तर तुम्ही खारट घामाचे. असे लोक नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहिले तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. आणि बरोबरचे काय करतात, तर आणखी पाणी पाजतात. भरपूर पाणी पिऊनही कुणाला असं होत असेल तर साधं पाणी थांबवा, खारट काहीतरी खायला द्या. गोंधळ किंवा उलट्या वाढल्या तर थेट दवाखाना गाठा.

मिठाबरोबर साखर का? आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारी वाहक प्रथिनं आहेत. दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागोमाग ओढलं जातं. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हेच ओआरएस. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे, तरी एक-दोन पुड्या प्रथमोपचाराच्या पिशवीत असाव्यातच. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ते नव्हे. त्यांत साखर कितीतरी जास्त असते. असं नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाईही केली.

चालण्यासाठीचं सरबत थोडं वेगळं: एक लिटर पाणी, आठ सपाट चहाचे चमचे साखर, पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस. पाव चमच्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. घाम खूप येत असेल तर मीठ अर्ध्या चमच्यापर्यंत वाढवा. साखर लिटरला ६० ग्रॅमच्या वर नेऊ नका. फार गोड पाणी पोटातून लवकर पुढे जात नाही आणि गुळगुळ आवाज करत बसतं. लिंबाऐवजी कोकम वापरायचं तर बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. आगळात मीठ आधीच भरपूर असतं, त्यात वरून मीठ घालू नका, फक्त साखर घाला. अमृत कोकम गोड असतं, त्यात मीठ घालावं लागतं. तीन लिटरपैकी एक-दीड लिटर सरबत, बाकी साधं पाणी. सगळंच सरबत नेलं तर हात-तोंड धुवायला, जखम धुवायला काही उरत नाही.

पोटरीत गोळा आलाच तर थांबा, पाय सरळ करून पंजा अंगाकडे ओढा, मिनिटभर धरा, सरबत द्या. गोळे फक्त मिठामुळे येतात असं नाही. सराव नसलेला स्नायू थकला की तोही आखडतो. पण अंग तापलेलं, माणूस असंबद्ध बोलतोय, चाल अडखळतेय, तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असू शकतं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान, काखा, जांघा ओल्या करून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

गडावरच्या टाक्यांचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नये. गुरं, माकडं, माणसं सगळ्यांचाच वावर असतो. कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा, किंवा खळखळून मिनिटभर उकळा. पायाला जखम असताना पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालला असाल आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचं निदान अशा माहितीनं लवकर होतं.

गावातलं पिठलं-भाकरी

राजमाचीच्या उधेवाडीत, प्रबळमाचीत किंवा पायथ्याच्या बऱ्याच वाड्यांत सांगून ठेवलं की घरी जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन करून माणसं आणि वेळ कळवा, ऐनवेळी दहाजण येऊन उभे राहू नका. हे जेवण शक्यतो उतरल्यावर घ्यावं. तासा-दोन तासांत पोटात गेलेली कर्बोदकं आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं स्नायूंच्या दुरुस्तीला लागतात. ५० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं, दोन भाकऱ्यांत पाच-सहा, वर वाटीभर दही किंवा मूठभर शेंगदाणे घेतले की भरलं. यापेक्षा चांगलं ‘रिकव्हरी मील’ पाकिटात मिळत नाही, आणि पैसे त्या घरात राहतात. तिथल्या मंडळींना आपला प्लास्टिकचा कचरा मात्र देऊन येऊ नका, तो उचलून न्यायची गाडी तिथे येत नाही.

उतरणारे पाय जिन्यात तयार होतात

मरीन ड्राइव्हचे ३.६ किलोमीटर रोज चालणारा माणूसही गडावरून उतरल्यावर दोन दिवस जिना उतरताना कण्हतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच जोर लावून शरीराला आवरतो. या कामाची सवय नसेल तर स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि २४ ते ७२ तासांत दुखणं शिगेला पोहोचतं. सपाटीवर चालून या कामाचा सराव होत नाही.

मुंबईकडे यासाठी लागणारी गोष्ट भरपूर आहे: जिने. एक मजला म्हणजे साधारण तीन मीटर. ६०० मीटरचा चढ म्हणजे २०० मजले. एकदम एवढं कुणी करू नये. दहा मजली इमारतीत आठवड्यातून दोनदा, पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग दर आठवड्याला एक फेरी वाढवत सहा-सात आठवड्यांत आठपर्यंत. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर तीन-चार किलोची सॅक. मुख्य म्हणजे उतरताना लिफ्ट घ्यायची नाही. बहुतेकजण चढतात आणि गुडघ्याच्या भीतीनं लिफ्टनं खाली येतात, आणि नेमका हवा तोच सराव गाळतात. उतरताना पाऊल आपटू नका, गुडघा किंचित वाकवून आवाज न करता टेकवा. आधीच गुडघा दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग जिने. सुट्टीच्या सकाळी बोरिवलीच्या उद्यानाच्या दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर चालणं हा बूट, सॅक आणि डबा तपासून बघायचा उत्तम सराव. ट्रेकला न्यायचे पदार्थ तिथेच खाऊन बघा. पोटालाही चालता चालता पचवायची सवय लागते. नवा पदार्थ पहिल्यांदा गडावर खाणं टाळावं.

सोमवार ते शुक्रवार

रविवारी दोन हजार किलोकॅलरी खर्च झाल्या म्हणून आठवडाभर मोकळीक मिळत नाही. शिवाय चढावरची चव तोंडाला लागलेली असते. सरबत, चिक्की, गुळाची पोळी सोमवारी टेबलावरही हवीहवीशी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत आणि वरून घातलेली साखर, दोन हजार किलोकॅलरीच्या आहारात, ५० ग्रॅमच्या आत असावी. गडावरच्या बाटलीतलं सरबत एसीत बसून प्यायलं तर त्यातली बरीचशी मर्यादा तिथेच संपते. म्हणून खाऊचा उरलेला डबा ऑफिसात नेऊ नका, घरी वाटून टाका.

आठवड्याच्या ताटात रविवारी वगळलेल्या गोष्टी परत आणायच्या: मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांत हे प्रमाण उठून दिसतं. प्रथिनांची किमान गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोला ५४. नियमित जिने-ट्रेक करणाऱ्यानं ७०-८० पर्यंत जावं. दोन वाट्या उसळ, दोन अंडी किंवा पनीर, पेलाभर दूध, वाटीभर दही, वरण आणि पोळ्या मिळून ते होतं. बुधवारपर्यंत मांड्यांचं दुखणं ओसरलं की जिने पुन्हा सुरू करा.

काही जणांनी हा सगळा हिशोब स्वतःच्या डॉक्टरांना दाखवूनच वापरावा. इन्सुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चढताना आणि त्या रात्री झोपेतही घसरू शकते. मात्रा आधी विचारून ठेवा आणि ग्लुकोजची पुडी खिशात, बरोबरच्या एकाला ठाऊक अशी. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण स्वतःच्या मनानं वाढवू नका. श्रावणी सोमवारचा कडक उपास आणि ट्रेक एकाच दिवशी नको. उपासाचं खाऊन जायचंच तर साबुदाण्याच्या तेलकट खिचडीपेक्षा राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी आणि सैंधव घातलेलं सरबत बरं.

घरी आल्यावर सरबताची बाटली किंवा पाठीवरची पाण्याची पिशवी त्याच रात्री रिकामी करा. साखरेच्या पाण्यावर दोन दिवसांत काळी बुरशी धरते, नळीत तर आधी. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून नळीसकट खळखळून धुवा, तोंडाची रबरी टोपी काढून वेगळी घासा, आणि सगळं उलटं टांगून पूर्ण वाळल्याशिवाय सॅकमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागले तरी लागू द्या.